छातीउंचीची काठी

आमच्या साहेबांना कुणी नवं बाळ दाखवायला आणलं की ते आधी विचारायचे, "छाती किती?" वजन नाही, नाव नाही, कुणावर गेलंय तेही नाही. मग खिशातून मोजपट्टी काढून ती बाळाभोवती हलकेच फिरवायचे आणि आईला सांगायचे, "जमीन चांगली हाये. वाढंन." एवढं झालं की बाळात त्यांना रस उरत नसे. पेढा उचलायचे आणि आपल्या टेबलाकडे वळायचे.

यवतमाळच्या एका जुन्या सरकारी इमारतीत वरच्या मजल्यावर आमचं कार्यालय होतं. आमचं काम सांगायला सोपं होतं. जंगलातला साग दरवर्षी किती वाढतो ते काढायचं, आणि त्यावरून पुढची दहा वर्षं दरवर्षी किती तोडला तर चालेल ते ठरवायचं. वाढ जास्त धरली तर जंगल हळूहळू संपतं, आणि संपल्याचं लक्षात येईपर्यंत ठरवणारे पेन्शनीत निघालेले असतात. कमी धरली तर वरून खुलासा मागणारं पत्र येतं. साहेब जंगलात जाऊन मोजायचे, मी आकडे संगणकात भरायची. अशी बरीच वर्षं गेली.

साहेब वणीकडचे. शिपाई, चालक, मंत्री, सगळ्यांशी एकाच वऱ्हाडीत बोलायचे. पहिली नोकरी जंगलातल्या नाक्यावर, मग बढत्या मिळत मिळत आमच्या कार्यालयात. पण सगळ्या नोकरीभर त्यांनी एक गोष्ट सोडली नव्हती. मुकुटबनच्या पुढे सागाचा एक तुकडा होता. त्यातल्या प्रत्येक झाडाला नंबर, आणि दर काही वर्षांनी साहेब स्वतः जाऊन प्रत्येक झाडाचा घेर मोजायचे. बदली कुठेही होवो, रजा टाकून जायचे. त्या मोजमापांवरून त्यांनी सागाच्या वाढीचा एक तक्ता तयार केला होता. झाडाचं वय सांगा, जमीन कशी आहे ते सांगा, आणि पुढे किती लाकूड निघेल ते बघा. नव्या आराखड्यात, म्हणजे दहा वर्षांच्या तोडीच्या हिशोबात, हाच तक्ता वापरायचा असं ठरत आलं होतं. साहेबांची निवृत्ती तोंडावर होती. तक्ता आराखड्यात गेला की नोकरी फळाला आली, असं ते उघड म्हणत.

त्यांना भाकितांचं वेड होतं, आणि भाकीत खरं ठरवण्यासाठी कुणी मदत केलेली त्यांना खपत नसे. आमच्या खोलीच्या कोपऱ्यात जुन्या फायलींची चळत होती. दर एप्रिलात साहेब तिच्या माथ्याशी भिंतीवर गेरूची रेघ मारायचे. रेघांमधल्या अंतरावरून ही चळत खिडकीच्या वरच्या चौकटीला कोणत्या मार्चअखेर टेकणार ते त्यांनी सांगून ठेवलं होतं. तो मार्च आला तेव्हा चळत एका फायलीनं कमी पडली. साहेब दिवसभर येरझाऱ्या घालत होते. मला त्या येरझाऱ्यांचा त्रास व्हायला लागला, म्हणून मी माझ्या टेबलावरचं एक जाडजूड प्रकरण नेऊन वर ठेवलं.

"काढा ते," साहेब म्हणाले.

"साहेब, ते बंदच करायचं होतं."

"मग उद्या करा. आज करून राह्यल्या ते माह्यासाठी. आपोआप आली पायजे, मॅडम. हात लावून वाढवाचं नाही."

मी काढलं. एप्रिलात नवी रेघ पडली आणि साहेबांनी जुन्या भाकिताखाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'चूक'.

जेवणाच्या सुट्टीत ते कांदा आडवा कापायचे, त्याची वर्तुळं न्याहाळायचे आणि कांदा कोणत्या गावच्या जमिनीतला असेल यावर बोलायचे. कुणाच्या घरी गेले तर पाण्याचा पेला हातात घेण्याआधी स्टूल उलटं करून त्याच्या पायाचा कापलेला भाग बघायचे. झाड केवढं होतं हे सांगताना फुटात सांगत नसत. आमच्या जीपचे चालक सलीमभाई हे त्यांचं एकक होतं. सलीमभाई यवतमाळचेच, अंगानं भरलेले. साहेब दर ईदेला शीरखुर्मा प्यायला त्यांच्या घरी जायचे आणि निघताना त्यांच्या कमरेला पट्टी लावायचे.

"कसं होतं झाड?"

"सलीमभाईपेक्षा चार बोटं कमी."

सलीमभाई गाडी चालवता चालवता म्हणायचे, "साहेब, कटाईच्या लिस्टीत मले नका टाकू बरं. बच्चे छोटे हायेत माझे."

"तुमाले कोन घेते सलीमभाई? तुमी आतून पोकळ."

"पोकळ हाव, पर सीधा हाव."

माझ्यावर साहेबांचा विश्वास होता, कारण मी आकड्यात सुधारणा करत नसे. एकदाच आमचं वाजलं. कुठल्याशा वनरक्षकाच्या बीटावरून आलेल्या यादीत एका झाडाचा घेर आधीच्या मोजणीपेक्षा कमी लिहिला होता. मी तसाच भरला. साहेबांनी कागद परत पाठवला.

"झाड कमी होत नाही, मॅडम. मरते, पडते, जळते. पण आखडत नाही. आपल्या धंद्यात उणे आकडा येतच नाही."

"मग चूक कुणाची?"

"मोजनाऱ्याची. झाड खोटं बोलत नाही. बोलला तर मोजनारा बोलते."

हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की मी ते कार्यालयाच्या भिंतीवर लावायला तयार होते, म्हणजे निदान तोंडी तरी ऐकावं लागलं नसतं.

दुसरं पाठ वाक्य खिळ्याचं. गावोगावी लोकांची समजूत असते की लहानपणी झाडावर नाव कोरलं तर ते झाडाबरोबर वर वर जातं. हे कानावर पडलं की साहेब जिथे असतील तिथे थांबायचे. "झाड खालून वर सरकत नाही जी. ते शेंड्याले वाढते आन् बाजूनं फुगते. तुमी खिळा छातीपाशी ठोकला, तर तुमच्या नातवाच्या टायमालेबी तो छातीपाशीच. खिळा वर चढत नाही." चहाच्या टपरीवर सांगितलं, तेरवीच्या पंगतीत सांगितलं. मुकुटबनच्या बाजारात एका भाजीवालीला सांगितलं, तिनं ऐकून घेतलं आणि वांगी तोलताना काटा मारला.

आता काठी. झाडाचा घेर कुठे मोजायचा याचा जगभर एक नियम आहे. माणसाच्या छातीच्या उंचीवर. पण माणसं लहानमोठी असतात, म्हणून ती उंची जमिनीपासून ठरवून दिलेली आहे. साहेबांनी नोकरीला लागल्या लागल्या धावड्याच्या लाकडाची एक सरळ काठी अगदी त्या मापाची तासून घेतली होती. काठी झाडाला टेकवून उभी करायची, वरच्या टोकाशी रंगाचा पट्टा मारायचा आणि त्या पट्ट्यावर घेर मोजायचा. सागाची साल पातळ पापुद्र्यांनी सुटत राहते, तिच्याबरोबर रंगही जातो. म्हणून दर मोजणीला काठी पुन्हा लावायची, पट्टा पुन्हा मारायचा.

ही काठी साहेबांनी कधी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. ती घेऊन चालायचे, तिनं बोरं पाडायचे, नाल्याचं पाणी किती आहे ते बघायचे, कुत्री हाकलायचे. खालचं टोक फाटलं की बोटभर तासून त्यावर लोखंडी साम, म्हणजे टोपी, बसवून घ्यायचे. लग्नाला, बारशाला, निरोपसमारंभाला, सगळीकडे काठी सोबत. कार्यालयात आले की ती माझ्या टेबलामागे भिंतीशी उभी करायची त्यांची जागा ठरलेली होती. विजेच्या स्विचबोर्डाच्या खालच्या कडेत काठीचं डोकं असं अडकायचं की ती हलत नसे. अलीकडे मात्र ती घसरून पडायची. माझ्या पाठीवर दोनदा आली. फरशी गुळगुळीत झाली असेल म्हणून मी खाली एक जुनं पुठ्ठ्याचं कव्हर सरकवून ठेवलं आणि कामाला लागले.

त्या वर्षी मुकुटबनच्या तुकड्याची शेवटची मोजणी होती. नेहमीचा लिहिणारा माणूस प्रशिक्षणाला गेला होता, म्हणून साहेबांनी मला चलायला सांगितलं. पुढच्या महिन्यात बैठक, तिथे तक्ता मंजूर व्हायचा, आणि त्यानंतर साहेबांची निवृत्ती. साहेब इतके खुशीत होते की वाटेत त्यांनी सलीमभाईंना स्वतःच्या खर्चानं भजी खाऊ घातली. नंतर घेर मोजला, ते वेगळं.

सागाची पानं गळून गेली होती. पायाखाली इतका कुरकुराट की दोन झाडांच्या अंतरावरून बोलायचं तर ओरडावं लागे. साहेब काठी लावत, पट्टा मारत, मोजपट्टी फिरवत आणि आकडा सांगत. मी लिहीत होते. झाडांशी त्यांचं बोलणं चालूच होतं. एकाला म्हणाले, "यंदा रुसला का बे?" दुसऱ्याला नुसतं थोपटलं.

ओढ्याकडेच्या एका झाडाला वारूळ टेकलं होतं. त्यामुळे एका बाजूची साल सुटलीच नव्हती. साहेबांनी नवा पट्टा मारला. मी आकडा लिहायला वर बघितलं तर वारुळाची माती झडली होती तिथे जुना पट्टा दिसत होता. मागच्या कुठल्याशा मोजणीचा. नव्याच्या चार बोटं वर.

"साहेब, जुना पट्टा वर कसा?"

सलीमभाई पाण्याची कॅन घेऊन मागे उभे होते. ते म्हणाले, "झाड वाढलं, पट्टा वर गेला. सीधी बात."

साहेबांनी मागे न बघताच सुरू केलं, "सलीमभाई, किती डाव सांगतलं तुमाले. झाड खालून सरकत नाही. खिळा वर चढत नाही, तसा पट्टाबी वर..."

आणि तिथेच थांबले.

ओढ्यापलीकडे कुठेतरी गुरांच्या घंट्या वाजत होत्या. सलीमभाईंनी झाडाकडे पाहिलं, मग काठीकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "मंग साहेब, काठी बसली का खाली?"

मला स्विचबोर्ड आठवला. पाठीवर पडलेली काठी आठवली, खाली सरकवलेला पुठ्ठा आठवला. मी साहेबांच्या हातातून काठी घेतली. त्यांनी देऊन टाकली, हे मला जास्त विचित्र वाटलं. मोजपट्टी लावली. छातीउंचीला काठी चांगली पंजाभर कमी भरत होती.

समजायला फार शिकलेलं असावं लागत नाही. झाड बुंध्याशी जाड असतं. काठी झिजत गेली, तसा पट्टा खाली खाली उतरत गेला, आणि खालचा घेर जास्त भरत गेला. झाड वाढलं तेवढं वाढलंच, पण काठीच्या झिजेनं ते त्याहून जास्त वाढल्यासारखं दिसत गेलं. साहेबांच्या तक्त्यातला साग खऱ्या सागापेक्षा पुढे धावत होता. त्या तक्त्यावर तोड ठरली असती तर जंगल वाढतं त्याहून वेगानं तुटलं असतं.

साहेब दगडावर बसले. पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली. मग उठून उरलेल्या झाडांची मोजणी केली, जुन्या काठीनंही आणि खऱ्या उंचीवरही. प्रत्येक झाडाचे दोन घेर. मी दोन रकाने केले.

पांढरकवड्याला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं.

"मॅडम, काहून झिजली असंन?"

"साहेब, तुम्ही दर वेळी टोक तासता."

"पन मी बोटभरच तासतो."

"हो. दर वेळी."

साहेबांनी बशीतला चहा कपात परत ओतला आणि थंड करून प्यायले. सलीमभाई म्हणाले, "साहेब, टेन्शन नका घेऊ. माझी कमरबी अशीच वाढली. थोडी थोडी." त्यांनी धीर देण्यासाठी म्हटलं होतं. साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की परतीच्या वाटेवर जीपमध्ये रेडिओसुद्धा लागला नाही.

साहेब गप्प बसू शकले असते. हे मी त्यांचं कौतुक म्हणून सांगत नाही, वस्तुस्थिती सांगते. आम्ही तिघंच होतो. बैठक जवळ आली होती, निवृत्ती त्याहून फार लांब नव्हती, आणि जंगल कमी निघालं असतं ते पुढच्या कुणाच्या तरी नोकरीत. मी त्यांना काही सुचवलं नाही, धीरही दिला नाही. मला तो देता येत नाही. दोन दिवस ते कार्यालयात येऊन नुसते बसून होते. काठी घरी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी दारातूनच म्हणाले, "मॅडम, तुमच्या लग्नाचा अल्बम हाये का?"

"कशाला?"

"मी आलतो ना तुमच्या लग्नाले. काठी घेऊन."

हिशोब असा होता. आज काठी किती कमी आहे ते कळलं. नवी असताना पूर्ण होती हेही माहीत. पण मधल्या प्रत्येक मोजणीच्या वेळी ती किती झिजली होती, हे कळल्याशिवाय जुने आकडे दुरुस्त करता येत नव्हते. आणि साहेब काठीशिवाय कुठल्याच फोटोत नव्हते. फोटोत साहेब केवढे आणि काठी केवढी, हे मोजलं की त्या वर्षीची काठीची लांबी निघते.

"आन् मी पक्का हाव," साहेब म्हणाले. "माणूस जवानीत उभा वाढाचा थांबते. मंग आडवाच वाढते. म्हणून मीच स्केल." सेवापुस्तकात त्यांची उंची होती, पण कागदावर त्यांचा भरवसा नव्हता. मला दाराच्या चौकटीशी मोजायला लावलं आणि तीच उंची सगळ्या फोटोंना लावायचं ठरलं.

पुढचे काही रविवार आम्ही यवतमाळभर लोकांची लग्नं उघडत फिरलो. घरोघरचे अल्बम, कुणाच्या निरोपाचे ग्रुपफोटो, कार्यालयातल्या सत्यनारायणाचे, एका वृक्षारोपणाचे. त्या शेवटच्यात पाहुण्यांचं डोकं काठीमागे गेलं होतं आणि काठी मात्र पूर्ण आली होती. लोकांना वाटायचं, साहेबांना जुने दिवस आठवायला लागले. चहा टाकायचे, आपल्या आईचा फोटो दाखवायचे. साहेब त्यांच्या आईच्या शेजारी उभ्या असलेल्या काठीला कंपास लावायचे. सलीमभाईंच्या मोठ्या मुलीच्या निकाहच्या फोटोत साहेब बिर्याणीच्या डेगजवळ काठी घेऊन उभे होते. सलीमभाईंनी तो फोटो बराच वेळ पाहिला. "साहेब, या फोटोत मी किती पतला हाव बघा. मलेच स्केल करा ना."

साहेबांच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो वहिनींनी ट्रंकेतून काढून दिला. नवरा, नवरी आणि मधे काठी.

"तीन जनं होतो आमी," वहिनी मला म्हणाल्या. "आहेराले बायका म्हनत, दुसरी कोन हाये?"

गंमत म्हणजे त्या फोटोतली काठी, जी तेव्हा अगदी नवी होती, हिशोबात किंचित आखूड भरली. साहेबांनी दोनदा मोजली. "फोटोवाल्यानं कॅमेरा तिरपा धरला असंन," म्हणाले. लग्नातला फोटोग्राफर म्हणजे वहिनींचाच मामेभाऊ होता, त्यामुळे त्याच्यावर विश्वास नव्हताच. आम्ही तो फोटो बाजूला ठेवला.

सगळं मी संगणकात घातलं. काठीच्या झिजेचा आलेख पडद्यावर उतरला, तेव्हा साहेब खुर्ची ओढून बराच वेळ त्याच्यासमोर बसले. "पाहा," ते म्हणाले, "किती छान झिजली. एक डाव धोका नाही दिला तिनं." चूक पकडल्याच्या समाधानात आपली चूक होती हे ते विसरून गेले होते. दुरुस्त तक्त्यात साग आधीपेक्षा सावकाश वाढत होता, आणि दरवर्षीची तोड त्या मानानं कमी करावी लागणार होती.

बैठकीला आमचे मोठे साहेब होते, आणखी काही अधिकारी होते. मोठे साहेब वाईट माणूस नव्हते, पण जुना आकडा त्यांनी आधीच वर कळवला होता. साहेबांनी काठी टेबलावर ठेवली, शेजारी मोजपट्टी ठेवली आणि उभं राहून सगळं सांगितलं. स्विचबोर्ड, भजी, लग्नाचा फोटो, काही वगळलं नाही. काठी मेलेल्या सापासारखी एका हातातून दुसऱ्या हातात फिरली.

मोठे साहेब म्हणाले, "तुमची निवृत्ती आली. आता हे कशाला उकरता? पहिला आकडा वर गेलेला आहे. तोच राहू द्या, पुढच्या आराखड्यात बघतील."

"ठीक हाये सर," साहेब म्हणाले. "मंग जंगलालेबी एक पत्र काढा. का बा, पहिल्या आकड्यानं वाढत जा. मी सोता नेऊन देतो मुकुटबनले. पोच घेऊन येतो."

कुणीतरी आधी हसलं. मग मोठे साहेबही हसले, आणि हसल्यावर माणसाला नाही म्हणणं जड जातं. थोडी घासाघीस झाली. वर काय कळवायचं ते शब्द मी तिथेच बसून जुळवून दिले, आणि दुरुस्त तक्ता मंजूर झाला.

निरोपसमारंभात साहेबांनी काठी कार्यालयाला भेट दिली. सलीमभाईंनी ती भिंतीवर अडकवली आणि खाली पाटी लावली: 'मोजण्यासाठी वापरू नये'. शिपाई तिनं माकडं हाकलतात. ते बघून मी परवाच तिच्या खालच्या टोकाशी पेनानं एक खूण करून ठेवली आहे.

आराखडा छपाईला जायच्या आधी पेन्शनच्या एका कागदावर साहेबांची सही हवी होती, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. अंगणात वहिनी धुणं वाळत घालत होत्या आणि चवड्यांवर उभं राहूनही तारेला त्यांचा हात नीट पोचत नव्हता.

"ही तार खाली करून द्या म्हणून किती दिवसांपासून सांगून राह्यली मी," वहिनी मला म्हणाल्या. "ऐकतच नाही हे. तार वर गेली म्हटलं तर हसते."

साहेब पायरीवरून उतरत होते. त्यांनी मला नमस्कार केला आणि शिकवायला सुरुवात केली. "मॅडम, तुमीच सांगा. तार कधी वर जाते का? ऊन लागलं का ढिली पडते, खाली येते. वर नाही जात."

"पहिले तुमच्या टकलाले लागे ती," वहिनी म्हणाल्या. "रोज सकाळी तिले शिव्या देत होते. आता कुठी देता? खालून सरळ निंघून जाता."

"लक्षात ठेवून वाकत असंन मी. तार काही वर..."

आणि तिथेच थांबले. ती थांबण्याची जागा मी ओळखली. वारुळापाशी ते असेच थांबले होते.

साहेब तारेखाली जाऊन उभे राहिले. वाकले नाहीत. तार आणि डोकं यांच्या मधून वहिनींचा ओला पदर आरामात गेला असता. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तो तसाच वर तारेपर्यंत नेला, आणि बोटं मोजली.

"मॅडम," ते म्हणाले, "सेवापुस्तकाची प्रत हाये का तुमच्या पिशवीत?"

होती. नोकरीला लागतानाची उंची त्यात होती. मी त्यांना दाराच्या चौकटीशी उभं केलं आणि पुन्हा मोजलं. आकडा तोच आला, जो मी फोटोंच्या वेळी घेतला होता. आणि सेवापुस्तकापेक्षा तो दोन बोटं कमी होता. आयुष्यभर झाडांच्या छातीशी वाकून मोजणारा माणूस स्वतः खाली आला होता, आणि आजच्या उंचीनं आम्ही त्यांच्या तरुणपणाचे फोटो मोजले होते. लग्नातली काठी आखूड का भरली ते कळलं. वहिनींच्या मामेभावानं कॅमेरा सरळच धरला होता.

"सांगतलं होतं मी," वहिनी पुढचा टॉवेल पिळत म्हणाल्या. "त्याच्यावर काहून आळ घेता म्हणून."

साहेबांना वाईट वाटलं असेल असं मला वाटलं, म्हणून मी त्यांच्याकडे पाहायचं टाळत होते. पाहिलं तेव्हा ते बोटांवर काहीतरी जुळवत होते आणि चेहरा उजळला होता.

"म्हणजे पहिली काठी आपन धरली त्याच्यापेक्षा लांब होती. पहिले घेर आपन जास्तच कमी केले. म्हणजे मधली वाढ अजून कमी. साग आपन समजलो त्याच्यापेक्षाबी सावकाश हाये, मॅडम."

मी मनातल्या मनात हिशोब केला. फरक येत होता, पण अगदी थोडा. आराखडा छपाईला निघाला होता. मोठे साहेब पुन्हा हसतील याची खात्री नव्हती. संध्याकाळी मला घरी जाऊन पीठ मळायचं होतं.

"साहेब," मी म्हटलं, "फरक झाडाच्या सालीएवढा आहे. राहू द्या."

"मॅडम," साहेब म्हणाले, "लाकूड मोजताना साल वजा करूनच मोजतो ना आपन. हेबी वजा करा लागन."

मी पिशवी खाली ठेवली, आणि वहिनींना चहा टाकायला सांगितला.